भुलेची नर्स लव्हॉन

आमच्या अठरा खाटांच्या इस्पितळात भूल देणारी एकच, लव्हॉन कुबिचेक. ती डॉक्टर नाही, भुलेची नर्स. नेब्रास्काच्या या गुराढोरांच्या मुलखात भुलेचा डॉक्टर टिकतो कुठे!

मी इथला सर्जन. बावीस वर्षं चाकू चालवतोय, पण तिच्याइतकं तल्लख डोकं दुसरं पाहिलं नाही. म्हणून मीच तिच्यामागे भुणभुण लावली, ‘डॉक्टर हो.’ शिफारसपत्रही मीच लिहिलं. पस्तिसाव्या वर्षी तिला मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला, तेव्हा तिच्याहून मीच जास्त फुगलो. ती गेली की आमची ऑपरेशनं बंद पडणार, हे दिसत होतं. पण आपल्या सोयीसाठी कुणाचे पंख छाटू नयेत.

होकार कळवायला शुक्रवार दुपारपर्यंत मुदत होती. त्याआधी ती आठवडाभर ओमाहाच्या मोठ्या इस्पितळात एका भुलेच्या डॉक्टराचं काम पाहत त्याच्यामागे फिरून आली. बुधवारी जेवताना मी विचारलं, "मग डॉक्टरीणबाई, कधी निघणार?"

"नाही जात."

"वेड लागलंय का? शिक्षणाच्या आठ वर्षांना घाबरलीस?"

"आठ काय, बारा काढली असती, डॉक. पण तो ओमाहाचा डॉक्टर एका वेळी ऑपरेशनच्या चार खोल्या सांभाळतो. हुशार आहे हो. काही बिघडलं की धावत येतो, निस्तरतो आणि पुढच्या खोलीत जातो. एक बाई शुद्धीवर आली, तेव्हा हा तिसरीकडे."

"मग तिच्यापाशी कोण होतं?"

"नर्स." तिने इकडच्या रिवाजाप्रमाणे गोड सिनॅमन रोलचा तुकडा खिमा-राजम्याच्या चिलीत बुडवला. "एवढं शिकून मी खोलीबाहेर पडू?"

"दैव देतं अन् कर्म नेतं!" मी खेकसलो.

"चिली गार होतेय तुमची."

दोन दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही. शुक्रवारी सकाळी हर्नियासाठी व्हर्जिल ऑस्टडीक टेबलावर होता. वळूला शिंगाला धरून आडवा करणारा हा गडी टेबलाची कड आवळून धरून होता.

"दुपारपर्यंत वेळ आहे अजून," मी लव्हॉनच्या कानाशी पुटपुटलो. ती व्हर्जिलच्या उशाशी वाकली होती.

"पोरी, डोळे उघडीन तेव्हा तू असशील ना?" त्याने विचारलं.

"मी कुठे जातेय?"

त्याचा हात सैल पडला. मी हातमोजे चढवायचा थांबलो. बावीस वर्षांत व्हर्जिलचा हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता.