अर्धी पांढरी गच्ची

माझं लग्न झालं त्याच वर्षी मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, आर्वीत स्लॅबचं घर बांधलं. सत्तरचं दशक संपत आलं होतं. आयुष्यभर कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, मातीच्या घरात राहिलेला शेतकरी माणूस. त्यांना त्या स्लॅबचं भारी कौतुक. चिखल नको म्हणून अंगणातही सिमेंट करून घेतलेलं. समोरचा रस्ता डांबरी करताना कडेचे निंब तोडले, तेव्हाही ते म्हणाले, "आता कसं मोकळं वाटते!"

मग मे महिना लागला. संध्याकाळी बाहेर जरा हवा निवायची, पण घर काही निवायचं नाही. दिवसभर प्यालेलं ऊन स्लॅब रात्री आमच्या अंगावर सोडायचा, आणि पंखा तीच गरम हवा फिरवायचा. मामाजी घाम पुसत म्हणायचे, "यंदा ऊनच कडक हाये. घराचा काय दोष?"

मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. हेडबाईंना विचारून प्रयोगशाळेतला थर्मामीटर घरी आणला. एका संध्याकाळी तो आधी खोलीत धरला, मग डांबरी रस्त्याच्या कडेला, आणि मामाजींना सोबत घेऊन गावाबाहेरच्या आमच्या शेतात. शेतात पोचलो आणि पारा उतरायला लागला. मामाजींनी नळी हातात घेऊन उलटीसुलटी केली.

"तुही नळी बिघडली असन, पोरी."

"नळी बरोबर आहे, मामाजी. इथं माती आहे, ओल आहे, झाडं आहेत, वारा मोकळा आहे. तिकडं सिमेंट आणि डांबर ऊन धरून ठेवतात. घरं इतकी दाट, की वाराही शिरत नाही."

परतताना ते दर दहा पावलांवर नळी झटकून बघत होते.

घरी सासूबाईंनी मात्र सगळं ऐकून घेतलं, पांढऱ्या रंगावरून ऊन परत फिरतं हेही, आणि दुसऱ्याच दिवशी ड्रममध्ये चुना भिजवला.

"भिंतीले लावतो, तं गच्चीले काऊन नाई लावाचा?"

"लोकं हासतीन," मामाजी म्हणाले.

"हासू द्या."

पदर खोचून आम्ही दोघी कुंचे घेऊन वर चढलो. निम्मी गच्ची झाली आणि चुना संपला.

दोन दिवसांनी भर दुपारी मामाजी आमचा पराक्रम बघायला अनवाणीच वर आले. पांढऱ्या भागावर हात मागे बांधून ऐटीत फिरले. "काही फरक नाई," असं म्हणत म्हणत, बोलण्याच्या नादात, उरलेल्या काळपट भागावर त्यांनी पाय ठेवला.

"अरे बापा!"

धोतर सावरत, एकेक पाय उचलत ते जे उड्या मारत परत आले! सासूबाई हसून हसून खालीच बसल्या. सून म्हणून मी तोंडावर पदर धरला, पण खांदे हलायचे थांबेनात. मामाजींनी आमच्याकडे डोळे वटारले आणि मग स्वतःच खो खो हसायला लागले. डोळे पुसून झाल्यावर म्हणाले, "अजून किती चुना लागन?"

त्याच संध्याकाळी उरलेली गच्ची त्यांनी स्वतः रंगवली. खालची खोली गार झाली असं नाही म्हणता येणार, पण झोप लागायला लागली. पुढच्या आठवड्यात सब्बल घेऊन त्यांनी अंगणातलं सिमेंट फोडलं, जाण्यायेण्यापुरती वाट ठेवली, आणि पाऊस पडल्यावर दोन निंब लावले. आंघोळीचं पाणीही त्या झाडांकडे वळवलं. शेजारचे आधी हसले, पण पुढच्या उन्हाळ्यात आमच्याच ड्रममध्ये त्यांचाही चुना भिजला.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर निंब स्लॅबच्या वर गेले. एप्रिलमध्ये गल्लीतल्या बायका पाट घेऊन त्या सावलीत शेवया करायला जमायच्या, आणि मामाजी खिडकीतून विचारायचे, "चहा किती कप मांडू?"