सापुताऱ्यातली बुक्कीबंदी

"कांदा चिरला की रुसतो," असं म्हणत ते मूठ खांद्यापर्यंत उचलत, एक डोळा बारीक करून कांद्याकडे पाहत, आणि मग धप्प. कांदा उमले, मीठदाणी आडवी पडे आणि आतून वहिनी विचारत, "टेबल आहे का गेलं?"

इंदिरानगरातल्या आमच्या इमारतीत सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचण्याइतका परका माणूस त्यांच्याकडे फारसा येत नसे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, मूळचे सटाण्याकडचे. भावाचं अजून तिथे कांद्याचं शेत. त्यांची आणि आमची भिंत एकच. दुपारी भिंतीतून तो आवाज आला की माझी बायको घड्याळाकडे न पाहता आमटीला फोडणी देई.

फोडलेला कांदा चिरलेल्यापेक्षा गोड लागतो, असं त्यांचं मत होतं. मत कसलं, धर्मच. सुरी दिसली की कांदा घाबरतो आणि घाबरला की तिखट होतो, हे ते मला अगदी शांतपणे समजावत. मी त्यांच्या टेबलाशी बसून डोळे मिटून दोन्ही प्रकारचे कांदे खाऊन पाहिले. काडीचा फरक कळला नाही.

"सर, तुम्ही पुस्तकं जास्त वाचली," ते दयेने म्हणाले. मी कॉलेजात शिकवायचो, म्हणून सर.

त्यांच्या लेकीने, स्नेहलने, पहिल्या पगारातून काचेचं जेवणाचं टेबल आणलं होतं. ते पहिल्या रविवारपर्यंत टिकलं. "दुकानदार म्हणाला होता, काच मजबूत आहे," भाऊसाहेब तक्रारीच्या सुरात सांगत होते. दुकानदाराने त्या काचेवर लोक ताटं ठेवतील एवढीच कल्पना केली असावी.

तुम्ही कधी सोसायटीच्या स्नेहभोजनाला गेला असाल तर तिथली मुख्य अडचण तुम्हाला ठाऊक असेल: ताट हातात, आणि टेकवायला जागा नाही. आमच्या अध्यक्षांनी त्या वर्षी भाषणासाठी भाड्याने पोडियम आणलं होतं. 'सोसायटीची पुढील वाटचाल' या विषयावर त्यांचं बरंच बोलून झालं होतं. पाणी प्यायला ते दोन पावलं बाजूला झाले. भाऊसाहेबांना एवढ्या वेळात पहिल्यांदाच एक सपाट, पक्की, मोकळी जागा दिसली. माईक चालू होता. मंडपभर असा आवाज घुमला की कबुतरं उडाली, आणि भाषण संपलं असं समजून मागच्या रांगांनी टाळ्या वाजवल्या. पुढील वाटचाल आम्हाला अजून कळलेली नाही.

अशा माणसाच्या मुलीचं लग्न ठरायची वेळ आली.

रोहित तिच्याच ऑफिसातला, चांगला मुलगा. दोघांचं आपसात ठरलं होतं. अडलं होतं ते रोहितच्या वडिलांपाशी. त्यांचा विरोध नव्हता, पण होकारही नव्हता. ते कुठल्याशा कारखान्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले होते आणि निवृत्तीनंतर त्यांना आपल्याला टाळू असल्याचा शोध लागला होता. दरवर्षी ते बायको-मुलाला घेऊन खाद्यसहलीला जात. कुठे काय खायचं हे आधी ठरे, तिथे बघायला काही आहे का हे नंतर. "माणूस पत्रिकेत कळत नाही, ताटावर कळतो," असं त्यांचं म्हणणं. यंदा सापुतारा होता. "तुम्हीही सगळे चला. बाकीचं परत आल्यावर बोलू," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी मी भाऊसाहेबांकडे चहाला बसलो होतो. स्नेहल समोर येऊन उभी राहिली.

"पप्पा, एक ऐकाल?"

"बोल."

"सापुताऱ्याला दोन दिवस कांदा फोडायचा नाही."

"मग खायचा कसा?"

"लोक खातात तसा. चकत्या करून."

"चकत्या," भाऊसाहेब म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं. मी चहाकडे पाहिलं.

"त्यांच्याकडे जेवताना चमच्याचासुद्धा आवाज होत नाही, पप्पा."

"मग जेवण झालं हे कळतं कसं?"

एरवी ती हसली असती. त्या दिवशी हसली नाही, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. भाऊसाहेबांनी ते पाहिलं. कप खाली ठेवला. "नाही फोडणार. तुझी शपथ," ते म्हणाले, आणि मग मला, "सर, तुम्हीपण चला. तुम्ही बोला, मी हात सांभाळतो."

निघायच्या सकाळी त्यांनी माझ्या गाडीच्या डिकीत कांद्याची गोणी चढवली.

"हे काय?" मी विचारलं.

"व्याह्यांना भेट."

"लोक पेढे नेतात," वहिनी म्हणाल्या.

"पेढे दोन दिवसांत संपतात. हा उन्हाळ कांदा आहे, दिवाळीपर्यंत नाव काढतील."

सापुतारा नाशिककरांना कितीही आपला वाटला तरी तो गुजरातेत आहे. तिथे दारूबंदी असते हे सगळ्यांना माहीत आहे. आमच्या गाडीत बुक्कीबंदीसुद्धा होती.

पहिला थांबा दिंडोरी रस्त्यावर मिसळीला. होणाऱ्या व्याह्यांनी सगळ्यांचे चमचे हवेत थांबवले. "घाई नको. आधी तर्री वाचायची," ते म्हणाले. भाऊसाहेबांनी वाटी जरा तिरपी करून कुठे लिहिलंय ते पाहिलं. व्याही पुढे म्हणाले, "चव जिभेला कळत नाही. ती टाळूला कळते. आणि टाळू तयार करावी लागते."

"आमची आईने केली होती तयार," भाऊसाहेब नम्रपणे म्हणाले. "रोज तेल घालून."

रोहितला ठसका लागला. स्नेहलने त्याला पाणी दिलं आणि वडिलांकडे असं पाहिलं की त्यांनी पुढची सगळी मिसळ मान वर न करता खाल्ली. कांदा बारीक चिरलेला होता. गणवेश घातलेल्या मुलाकडे बघावं तसं त्यांनी त्याच्याकडे बघितलं.

सापुताऱ्याचं हॉटेल थाटाचं होतं. खोलीत पलंगावर टॉवेलचे दोन हंस एकमेकांकडे बघत बसलेले. वहिनींनी ते मोडायला नको म्हणून ओले हात साडीला पुसले. जेवायच्या खोलीत उंच टोपीचा एक माणूस नुसताच उभा होता. आम्ही बसलो, थाळ्या आल्या आणि भाऊसाहेबांनी वाढप्याला हळूच विचारलं, "कांदा?"

"कांदा-लसूण अपने यहाँ नहीं चलता, अंकल."

धक्का बसला की भाऊसाहेबांच्या तोंडून सटाणा बाहेर येई. "हाई काय शे?" ते पुटपुटले.

व्याह्यांनाही ते नवीन होतं. थाळीचा फोटो पाहून त्यांनी हॉटेल ठरवलं होतं, आणि नसलेली वस्तू फोटोत दिसत नाही. पण मोठ्या हुद्द्यावर राहिलेला माणूस चुकत नसतो. "मी मुद्दामच निवडलं," ते म्हणाले. "कांदा ही चवीची कुबडी आहे. ती काढून घेतली की पदार्थ स्वतःच्या पायावर उभा राहतो."

स्नेहल त्या जेवणात पहिल्यांदा मोकळा श्वास घेऊन जेवली. इतक्यात माझ्या शेजारी धप्प झालं. सगळ्या खोलीने वळून पाहिलं. उंच टोपीसुद्धा वळली.

"पापड," भाऊसाहेब म्हणाले.

पापडाबद्दल काही ठरलं नव्हतं, हे खरं होतं. टेबलाखालून स्नेहलची लाथ आली. ती मला लागली.

रात्रीची कढी गोड होती. सकाळचा खमण गोड होता. डाळ तर अशी की वहिनींनी ती चुकून शेवटी खाल्ली. आदल्या दुपारी व्याही प्रत्येक पदार्थाला 'समतोल' म्हणत होते; दुसऱ्या दिवशी नाश्त्याला ते नुसतं "हं" म्हणू लागले. विहीणबाई, ज्या तोवर एक शब्द बोलल्या नव्हत्या, मला म्हणाल्या, "दरवर्षी असंच असतं. मी पर्समध्ये लसणाची चटणी ठेवते." मी त्यांच्याकडे आदराने पाहिलं.

दुपारी परतायच्या आधी आम्ही तळ्यापासून थोडं वर एका झोपडीवजा टपरीशी थांबलो. एक बाई चुलीवर नागलीच्या भाकरी थापत होती. सोबत उडदाची आमटी आणि मिरचीचा ठेचा. वासाने व्याह्यांची पाठ सरळ झाली. आम्ही बाकड्यांवर बसलो, मध्ये फळ्यांचं टेबल. पहिली भाकरी वाफ सोडत आली.

"ताई, कांदा द्या," हे शब्द भाऊसाहेबांचे नव्हते. ते व्याह्यांचे होते.

"कांदा सरला, भाऊ," ती म्हणाली.

व्याह्यांचा चेहरा मी सांगत नाही. कुबडी हरवलेला माणूस तुम्ही पाहिला असेल. भाऊसाहेबांनी स्नेहलकडे पाहिलं. तिने 'नाही' अशी मान किंचित हलवली. ते उठले, डिकीतून ओंजळभर कांदे आणले, टेबलावर ठेवले आणि दोन्ही हात मांडीखाली घेऊन त्यांच्यावर बसले.

व्याह्यांनी खिशातून घडीची सुरी काढली. ती परदेशातली होती, हे आम्हाला आधी कळलं. मग कांद्याला रेषा असतात हे कळलं. त्या रेषांना समांतर कापलं तर एक चव, आडवं कापलं तर दुसरी, मूळ राखलं तर तिसरी. त्यांनी सुरी कांद्यावर धरली, काढली, कोन बदलला. भाकरीची वाफ बारीक झाली. आमटीवर साय धरू लागली. रोहित म्हणाला, "बाबा, कापा ना." ते म्हणाले, "कापणं आणि चिरणं यातला फरक आधी लक्षात घे."

धप्प.

फळ्या हलल्या. मी भाऊसाहेबांकडे पाहिलं. त्यांचे हात मांडीखालीच होते.

स्नेहलची मूठ अजून टेबलावर होती. तिलाही ती आत्ताच दिसली असावी. तिचा चेहरा उतरला. पण हात सवयीचे होते, ते थांबले नाहीत. तिने साल ओढून काढली, पाकळ्या सुट्या केल्या, मधला गाभा उचलला आणि शेजारी बसलेल्या रोहितच्या भाकरीवर ठेवला.

"मी काही केलं नाही हं," भाऊसाहेब सगळ्यांना उद्देशून म्हणाले.

व्याह्यांनी सुरी मिटली. एक पाकळी उचलली, ठेच्याला लावली, भाकरीच्या तुकड्यात धरून तोंडात घातली आणि डोळे मिटले. त्या दोन दिवसांत ते इतका वेळ गप्प राहिल्याचं मला आठवत नाही. मग डोळे उघडून स्नेहलला म्हणाले, "हे कुठे शिकलीस?"

"घरीच," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की भाकरीवाल्या बाईनेही थापणं थांबवलं.

"भाऊसाहेब, एकदा दाखवा मला."

"मला बंदी आहे. घरी पोचलो की सुटतो."

"कोणाची बंदी?"

भाऊसाहेबांनी लेकीकडे बोट दाखवलं नाही. "डॉक्टरांची," ते म्हणाले. विहीणबाई पदराआड हसत होत्या. त्यांनी पर्समधून चटणीची डबी काढून टेबलावर मध्यभागी ठेवली, आणि मला वाटतं, लग्न ठरलं ते त्या क्षणी. तारखेचं बोलणं तिथेच, दुसरा कांदा फुटेपर्यंत, होऊन गेलं. तोही स्नेहलनेच फोडला.

परतताना ती रोहितच्या गाडीत बसली. आमच्या गाडीत भाऊसाहेब माझ्या शेजारी, वहिनी मागे. वणी येईपर्यंत ते मांडीवर मूठ उघडत-मिटत होते. मग म्हणाले, "सर, गाभा तिने त्याला दिला. पाहिलंत?"

"पाहिलं."

"आमच्याकडे गाभा तिचाच. दात आले तेव्हापासून. दुसऱ्या कोणी खाल्लेला नाही. मी नाही, तिच्या आईनेपण नाही."

"मला कधी विचारलंत?" वहिनी मागून म्हणाल्या.

भाऊसाहेबांनी मागे वळून त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. खरंच कधी विचारलं नव्हतं, हे त्यांच्या लक्षात येत असावं. मग ते पुढे वळले आणि खिडकीची काच उगाचच खालीवर करत राहिले. द्राक्षांचे मळे गेले, गोदामं आली, शहराचे दिवे आले.

लग्नानंतर वर्षभरात भाऊसाहेब आणि वहिनी सटाण्याला गेले. भावाला एकट्याला शेत झेपेना, असं कारण सांगितलं. दाराला कुलूप आहे. दुपारी माझ्या बायकोला आता घड्याळ बघावं लागतं आणि आमटीला रोज उशीर होतो.

मागच्या रविवारी बेल वाजली. दारात व्याही. उजव्या हाताला बोटांपासून कोपरापर्यंत क्रेप बँडेज.

"भाऊसाहेब फोन उचलत नाहीत," ते म्हणाले.

"शेतात जाताना फोन घरी ठेवतात."

"मला एवढंच विचारायचं होतं, मनगट सरळ ठेवायचं की शेवटी किंचित वळवायचं? त्यांनी लग्नात दाखवलं होतं, पण गर्दीत नीट दिसलं नाही."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टरांना यातलं काही कळत नाही."

मी त्यांना आत घेतलं, जेवायलाच बसवलं. बायकोने ताट वाढलं. लिंबाची फोड, चटणी, आणि बशीत कांद्याच्या पातळ, गोल, एकसारख्या चकत्या. त्यांनी डाव्या हाताने एक चकती उचलली, उजेडात धरून पाहिली आणि परत बशीत ठेवली.

"सर," ते हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही त्यांच्या शेजारी इतकी वर्षं राहिलात ना?"