सगळे रकाने खुले केले तेव्हा

नात विचारते, "आजी, तू ऑफिसात कॉम्प्युटरवर नक्की काय करायचीस?" मी सांगते, "लोकांचं भलं करायचे गं." आणि एकटीच हसते. कारण तेव्हाची मी म्हणजे चष्मा नाकाच्या टोकावर, मनात स्वतःबद्दल भलताच आदर, आणि अक्कल रजेवर.

ठिबकचे पाइप विकणाऱ्या कंपनीच्या द्वारका चौकाजवळच्या ऑफिसात मी विक्रीवाल्या पोरांचं कमिशन बघायचे. सॉफ्टवेअरमधली सूत्रं मीच घातलेली. महिनाअखेरीस प्रत्येकाला फक्त एक आकडा दिसायचा; तो आला कसा, ते सूत्राच्या पोटात. त्या पोटात एक रकाना होता, 'डोंगराचा वाढावा'. पेठ तालुक्याच्या डोंगराळ बाजूला शेतं लहान, दुकानं लांब लांब, घाट चढून गेलं तरी ऑर्डर मूठभर. म्हणून तिकडच्या माणसाला थोडं जास्त द्यायचं, असं थोरल्या शेठनी ठरवलं होतं. कमिशनची एकूण रक्कम बांधलेली, त्यामुळे त्याला जास्त म्हणजे बाकीच्यांना कणभर कमी. त्या वाढाव्यावरच पेठवाल्याचं घर चालायचं. थोरले शेठ वारले, रकाना राहिला.

नांदगावचा रूट बघणारा माझा फार लाडका. मला मावशी म्हणायचा, घरची बाजरीची भाकरी आठवणीनं आणायचा. एकदा टेबलावर कोपर टेकून म्हणाला, "मावशी, हे रकाने रिपोर्टमध्ये येऊ द्या ना. काय कापलं, काय वाढवलं, माणसाला कळायला नको?"

"येतील की. प्रत्येक रकान्यापुढे टिक असते, 'रिपोर्टसाठी खुला'. ती केली की झालं."

"मग करा की! तुमच्याएवढं हुशार हितं दुसरं हाय कोण?"

संपलं. एवढं ऐकल्यावर तेव्हाच्या मला कुणी गच्चीवरून उडी मार म्हटलं असतं, तरी मी पदर खोचून कठड्यावर चढले असते. सगळ्या रकान्यांपुढे टिक केली, हिशोब पुन्हा चालवला, आणि त्या आनंदात सगळ्यांना मिसळ खाऊ घातली. स्वतःच्या पैशानं! नांदगाववाल्यानं तर्री दोनदा मागून घेतली.

पुढच्या मीटिंगला धाकट्या शेठसमोर त्यानं माझाच रिपोर्ट प्रोजेक्टरनं भिंतीवर लावला. "साहेब, पेठला हे जादाचं कशापायी? पाइप तर सगळीकडं सारखाच. आमच्या वाट्याचं जातंय ते." बाकीच्या पोरांनी माना डोलावल्या. मिसळ खाल्लेल्या त्याच माना.

मी म्हटलं, "थोरल्या शेठनी सांगितलं होतं."

"लेखी आहे काही?"

नव्हतं. धाकटे शेठ म्हणाले, "मग शून्य करा." तिथेच, सगळ्यांसमोर, माझ्याच हातानं. पेठवाला समोर बसून भिंतीवरचा आकडा बदलताना बघत होता.

जिन्यात मी नांदगाववाल्याला गाठलं. "माझ्याकडून हे करून घेतलंस?"

"मावशी, दाखवलं तर तुम्हीच. मी काय खोटं बोललो का?"

खोटं नव्हताच बोलला मेला. खोटं बोलला असता तर भांडता तरी आलं असतं. इतक्या दिवसांच्या भाकऱ्या घशाशी आल्या. त्यातली कुठली माझ्यासाठी होती आणि कुठली त्या रकान्यापुढच्या टिकसाठी, हे मला आजही सांगता यायचं नाही.

संध्याकाळी पेठवाला टेबलाशी आला. मी शिव्या ऐकायची तयारी करून बसले.

"ताई, त्यानं मला बी इचारलं होतं," तो म्हणाला. "मीच म्हनलो, ताईंना सांग, समदं दिसू दे. मला वाटलं, वाढावा दिसला की पोरांना कळंल, घाटात किती मरावं लागतं." मग हसला. "लय शहाणे आपण दोघं."

मला हसू आलं नाही.

थोड्याच दिवसांत त्यानं नोकरी सोडली. त्याच्या जागी पेठला जायला कुणी तयार होईना. नांदगाववाला तर मुळीच नाही. मी आता घरी बसते, पण पेठचे दुकानदार अजून मलाच फोन करतात, "ताई, आमच्याकडं माणूस कधी येनार?" मी त्यांना नांदगाववाल्याचा नंबर देते आणि वर सांगते, "पहाटे करा हं. तेव्हाच उचलतो."