शेखबाईंचा हौद

शेखबाई कुठल्याही गोष्टीबद्दल मत देण्याआधी तिला एक फेरी मारत. फ्रिज घ्यायला गेल्या तर दुकानदाराला तो भिंतीपासून पुढे ओढायला लावून मागची जाळी बघत. माझ्या मुलीला बघायला आलेल्या मुलाभोवती त्या चहाचा ट्रे घेऊन अशा फिरल्या, की बिचारा खुर्चीत वळून वळून दमला. नंतर मला स्वयंपाकघरात म्हणाल्या, "समोरून सगळेच बरे दिसतात गं. हा मागूनही बरा आहे. हो म्हण." तो आज माझा जावई आहे.

मुनीरा शेख टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीत माझ्या वरच्या मजल्यावर राहायच्या. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. त्यांच्याबद्दल लिहायचं तर हौदाबद्दल लिहावंच लागतं.

आमच्या आवारात एक जुना दगडी हौद आहे, कमरेइतका खोल. बिल्डरकडून तो बुजवायचा राहून गेला. बाईंचं बालपण शेजारच्याच गल्लीतलं. नळाला पाणी आलं नाही की सगळी गल्ली या हौदावर यायची, आणि त्यांच्या आईच्या निम्म्या मैत्रिणी इथेच जमलेल्या. आम्हाला मात्र त्यात हिरवं पाणी आणि गणपतीच्या आराशीतलं थर्माकोल एवढंच दिसायचं. दुसऱ्या मजल्यावरच्या करमरकरांनी हौद बुजवून तिथे दुचाक्या लावायचा ठराव आणला. सगळे बाजूने, बाई एकट्या विरोधात.

"बाई, डास चावतात तेव्हा इतिहास आठवत नाही," करमरकर म्हणाले.

"थर्माकोल टाकताना तरी कुठे आठवतो?" बाई म्हणाल्या.

शेवटचा निर्णय दिवाळीनंतरच्या सभेत व्हायचा होता. बाई हरणार हे त्यांच्यासकट सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दिवसांत त्या जिन्यात भेटल्या तरी नुसत्या मान हलवून वर जायच्या, आणि ते मला त्यांच्या टोमण्यांपेक्षा जड जायचं.

मधे आम्ही दोघी एका ग्रुपबरोबर कोरियाला जाऊन आलो. "नानी, तू जाच," असं त्यांची मालिकावेडी नात महिनाभर त्यांच्या मागे लागली होती. ग्योंगजू नावाच्या गावात जुन्या सिल्ला राज्याच्या युवराजाचा महाल आहे, आणि महालाला लागून मोठं तळं. आम्ही पोचलो तेव्हा नुकते दिवे लागले होते. लाकडी मंडप पाण्यात उलटे उतरले होते आणि आमचा ग्रुप त्यांच्याकडे पाठ करून फोटो काढत होता. "लेडीज, ट्वेंटी मिनिट्स, मग बस," टूर लीडरने बजावलं.

वीस मिनिटांनी सगळे बसमध्ये आणि बाईंचा पत्ता नाही. मी शोधायला निघाले. महालाकडचा काठ सरळसोट, पण पलीकडचा वळणावळणांचा आहे. कुठेही उभं राहिलं तरी तळं पुरतं दिसत नाही, समुद्रासारखं पुढे आहेच असं वाटत राहतं. बाई अगदी लांबच्या वळणावर होत्या आणि आमच्या कोरियन गाइड मुलीला त्यांनी धरून ठेवलं होतं.

"हे कायम असंच होतं?" त्या आपल्या ऑफिसच्या इंग्रजीत विचारत होत्या.

नाही, ती म्हणाली. राज्य गेलं, महाल पडला, तळ्यात गाळ भरला, गवत माजलं आणि शेवटी नुसती बदकं उरली. पुढे कधीतरी गाळ उपसायला घेतला, तेव्हा आतून होडी, चमचे, कात्री, अख्ख्या महालाचा संसार वर आला. मग तीन मंडप पुन्हा उभे केले. बाकीच्या इमारतींची जोती तशीच ठेवली.

"बाकीचं का नाही बांधलं?" मी विचारलं.

"कसं होतं ते नक्की कळलं नाही, म्हणून," ती म्हणाली.

बाई पाण्याकडे बघत म्हणाल्या, "अगं सुमेधा, यांनी आधी गाळ काढला, मग काय करायचं ते ठरवलं. आपण आधीच ठरवून बसलोय." बसमध्ये सगळ्यांनी तोंडं फिरवली होती. "माफ करा हं, तळं वीस मिनिटांत मावेना," असं म्हणत बाई आपल्या जागेवर जाऊन बसल्या. कितीतरी दिवसांनी त्या मूळच्या बाई वाटत होत्या.

दिवाळीनंतरच्या सभेत त्यांनी विरोध केलाच नाही. "बुजवा," त्या म्हणाल्या. "पण आधी गाळ काढू, वर्षभर स्वच्छ पाणी ठेवून बघू. तरी नकोसा वाटला तर मातीचं पहिलं घमेलं मी टाकीन." करमरकरांना जिंकल्यासारखं वाटलं आणि त्यांनी लगेच होकार दिला.

आमच्या गाळातून काही महाल निघाला नाही. निघाले ते क्रिकेटचे चेंडू, स्टीलचे चमचे आणि एक कवळी, जिच्यावर अजून कोणी हक्क सांगितलेला नाही. महापालिकेतून गप्पी मासे आणून सोडले. उन्हाळ्यात लोक काठावर टेकू लागले. करमरकरही सकाळी पेपर घेऊन तिथेच बसायचे, विचारलं तर डासांवर लक्ष ठेवतोय म्हणायचे.

वर्ष सरलं. सभेत हौदाचं नावही कोणी काढलं नाही. काढलं ते बाईंनी. तोवर आजाराने त्या पार वाळल्या होत्या. वॉचमनकडून त्यांनी लाल मातीचं घमेलं भरून आणवलं होतं. "शब्द दिला होता," त्या म्हणाल्या. "नको असेल तर सांगा. मी टाकते." आणि त्यांनी ती खरंच टाकली असती.

करमरकर उठले. त्यांनी घमेल्यातली माती चिमटीत घेऊन चुरडली.

"ही कमळाला चालेल का हो?"

"चालेल," बाई म्हणाल्या. "पण लावायला पाण्यात तुम्ही उतरायचं."

रविवारी करमरकर रोपवाटिकेतून कमळाचा कंद घेऊन आले आणि त्याच घमेल्यात त्यांनी तो लावला. कमरेइतक्या पाण्यात पँट दुमडून काही उपयोग नव्हता, तरी त्यांनी ती नीट गुडघ्यापर्यंत दुमडली. चष्मा काढून काठावर खुर्चीत बसलेल्या बाईंच्या हातात दिला, आणि घमेलं छातीशी धरून पायरीवर पाय ठेवला. बाई ओढणीने त्यांच्या चष्म्याच्या काचा पुसत होत्या.

"सावकाश हं, करमरकर," त्या म्हणाल्या. "शेवाळ आहे."