एकशेवीस केल्विनची उडी

माझे वडील, आप्पा, गेल्याचा निरोप आला तेव्हा माझ्या खिशातल्या डबीत टिकली होती. टिकली म्हणजे धातूंच्या ऑक्साइडची, शर्टाच्या बटणाएवढी काळी चकती. आतून पापुद्र्यावर पापुद्रा. पुण्याच्या प्रयोगशाळेत ती द्रव हेलियमनं गार करून तिचं चुंबकपण मोजायचं होतं. ते राहिलं. शिरूरची एसटी धरून घोड नदीकाठच्या आमच्या गावी गेलो.

तेरा दिवस डबी कोनाड्यात होती. कुणाला हात लावू दिला नाही. लोक रडत होते, मी चहा देत होतो. रडू येईना त्याला मी काय करणार? दहाव्याला कावळा शिवला तेव्हाही काही वाटलं नाही, नुसतं ऊन लागत होतं.

चौदाव्या दिवशी यंत्रावर माझी पाळी होती. हेलियम वर्षातून एखाद-दोनदा यायचं आणि शिष्यवृत्ती त्या महिन्यात संपणार होती. ही मोजणी नीट आली तर पीएच.डी., नाहीतर कप्पाळ! आईनं पिशवी भरून दिली, मी निघालो.

घाईत डबीतून टिकलीचा तुकडा चिमट्यानं उचलला आणि यंत्रात सोडला. एकशेवीस केल्विनला, म्हणजे शून्याखाली दीडशेच्या आसपास, आलेखानं उडी मारली. नवं काही सापडलं की काय! सरांनी कागद पाहिला.

"ही उडी तुझ्या ऑक्साइडची नाही. भट्टीत लोखंडावर काळा थर चढतो ना, त्याची आहे. लोखंड आलं कुठून?"

डबीतला कापूस उलगडला. आत लोहाराकडचा काळा खिळा. एसटीच्या धक्क्यांनी टिकलीवर घासत आला होता. आमच्याकडं आजारपणात किंवा दुःखाच्या घरातून कुणी लांब निघालं की सोबत लोखंड देतात, काही बाधू नये म्हणून. अगं आई, मग पिशवीत टाकायचा ना!

"मीच ठेवला, चुकून," मी म्हणालो. सर भडकले. त्यांचं बरोबरच होतं, हेलियम संपलं होतं.

आईला चांगलं फैलावर घ्यायचं ठरवूनच घरी आलो. ती चुलीपाशी होती.

"झालं का रे काम? डबीत खिळा ठेवला व्हता म्या. तुझा जीव त्या डबीत, म्हनून तितंच ठेवला." मग भाकरी उलटत म्हणाली, "ह्यांना दवाखान्यात न्हेलं तवा गडबडीत ठेवायचा र्‍हायला बघ."

"झालं काम," मी म्हणालो, आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा ओक्साबोक्शी रडलो.