आक्का आणि चंदेरी पट्टी

आमच्या सासूबाई माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायच्या, आधी त्याच्या घरातल्या भांड्यांकडे. मला बघायला नेवाशाला आल्या तेव्हाची गोष्ट. मी आपली मान खाली घालून पोह्यांच्या बशा धरून उभी, आणि या बाई रिकामा तांब्या उलटा करून त्याचं बूड निरखताहेत. माझ्या आईला घाम फुटला. बाई मात्र खूश! "बूड घासल्यालं हाय. पोरगी चालंल," म्हणाल्या. माझं शिक्षण किती, स्वयंपाक येतो का, कशाकशाची चौकशी नाही. तांब्या घासला होता माझ्या आईनं, पण ते विचारतंय कोण!

सगळी आळी त्यांना आक्का म्हणायची, पोटची दोन्ही मुलंसुद्धा, म्हणून मीही म्हणायला लागले. आमचं घर अकोल्याला. नगर जिल्ह्यातलं बरं का, विदर्भातलं नव्हे. घरामागच्या अंगणात एक चपटा दगड होता, तो आक्कांचा. तिथं बसून त्या हंडे, कळशा, पराती, समया अशा घासायच्या की शेजारच्या बायका आपली भांडी आत नेऊन ठेवायच्या. चिंचेच्या दोन बरण्या असायच्या. नवी, मऊ चिंच भांड्यांना आणि जुनी, काळी पडलेली आमटीला. मी एकदा धीर करून म्हटलं, "आक्का, चांगली चिंच पोटात जाऊ द्या की." तर म्हणाल्या, "पोटात कोन बघाया जातंय?"

हात म्हणजे त्यांचा नुसता लोखंडी. चिंच, मीठ आणि नारळाचा काथ्या घेऊन बसल्या की भांडं आणि त्या, दोघांपैकी एक हरल्याशिवाय उठायच्या नाहीत. मी नवी नवरी असताना हळूहळू घासत बसले, तर काथ्या हिसकावून घेतला. "जोर लाव जोर! भांडं काय रडतंय व्हय? धातूला दया दाखवली की त्यो माजतो." हेच तत्त्वज्ञान त्यांनी माणसांनाही लावलं होतं. बोलायच्या तेव्हा कातडी सोलून निघायची. चुकलं हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. फार बोलून गेल्या असल्या, तर रात्रीच्या जेवणाला आपल्या ताटात तूप जास्त पडायचं. तेवढ्यावर समजून घ्यायचं.

पण थोरल्या मुलाच्या बाबतीत हे तूपही वाढायचं राहून गेलं.

माझे थोरले दीर, आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. लग्न झालं तेव्हा सगळे एकत्रच राहत होतो. न्हाणीघरात पाणी तापवायचा तांब्याचा जुना बंब होता, माणसाच्या कमरेएवढा. तो घासताना आक्कांची कंबर धरायची, दोन दिवस उठता यायचं नाही. एकदा त्या राजूरला बहिणीकडे गेल्या होत्या. दादांनी तेवढ्यात बंब मोडीत घातला आणि गॅसचा गीझर बसवून घेतला. आईचा त्रास वाचेल, ती आली की खूश होईल, एवढाच बिचाऱ्यांचा हेतू. आक्का आल्या, रिकामा कोपरा बघितला, आणि अख्ख्या आळीदेखत कडाडल्या, "माझ्या घरातल्या येका बी वस्तूला पुन्यांदा हात लावून बघ!"

दादा एवढंच म्हणाले, "नाही लावत."

आणि नाहीच लावला. नगरला बदली मागून घेतली, वहिनींना घेऊन गेले. पुढं वर्षानुवर्षं नात्यातल्या लग्नात भेटायचे, आईच्या पाया पडायचे, पण घरी पाऊल टाकलं नाही. एकदा शेजारच्या गावी लग्न होतं, घर दहा मिनिटांवर, तरी तिथूनच परतले. आई तशी आणि लेकही तसाच. दोघांच्या मध्ये आमचा जीव टांगणीला. आक्का कधी बोलून दाखवायच्या नाहीत, पण नगरची एसटी वेशीतून आत आली की त्यांची मान आपोआप तिकडं वळायची. मला फार वाईट वाटायचं, आणि रागही यायचा. एका बंबापायी!

मग दादांनी नवी गाडी घेतली, आणि वहिनी अडून बसल्या. गाडीची पहिली पूजा सासूबाईंच्याच हातून, दसऱ्याला, अकोल्यात; नाहीतर मी त्या गाडीत पुढं कधी बसणारच नाही. धन्य ती बाई! खंडेनवमीच्या संध्याकाळी गाडी अंगणात येऊन उभी राहिली. आक्का म्हणाल्या, "आलास?" दादा म्हणाले, "आलो." झालं, संपलं बोलणं. दादा खुर्चीच्या कडेवर पाहुण्यासारखे टेकले. पाणी दिलं तर प्यायले, स्वतःहून माठाकडे गेले नाहीत. जेवणं झाली ती सुद्धा श्राद्धाची असल्यासारखी गुपचूप.

दसऱ्याच्या सकाळी मी सडा टाकायला बाहेर आले, तर गाडीचं दार उघडं आणि आक्कांचे पाय बाहेर. मी बादली टाकून धावले. जवळ जाऊन बघते, तर बाई पुढच्या सीटवर आडव्या झालेल्या, मांडीशी चिंचेची वाटी, हातात काथ्या! गिअरच्या भोवती आणि समोर हवेच्या जाळ्यांखाली त्या गाडीला चंदेरी पट्टी होती, स्टीलसारखी दिसणारी, बारीक उभ्या रेघांची. आक्कांना वाटलं धातूच आहे. पूजेआधी लखलखीत करावी, म्हणून भल्या पहाटे उठून मायेनं चिंच-मीठ लावलं होतं.

"सूनबाई," त्या मान न वळवता म्हणाल्या, "हे उलटंच व्हाया लागलंय गं."

पट्टी चकाकायच्या ऐवजी धुरकटली होती. केसासारखे बारीक आडवेतिडवे ओरखडे, उजेडात जाळ्यासारखे दिसत होते. आक्का बाहेर आल्या. काथ्या हातातच राहिला होता. भांड्यापुढं कधी न हरलेली बाई मी अशी कधी पाहिली नव्हती. "त्याची वस्तू नासवली म्या," म्हणाल्या. "आता निमित्तच घावलं त्याला. आता ग्येला तर परत न्हाई यायचा गं त्यो." आणि पदर तोंडात कोंबून उभ्या राहिल्या.

तेवढ्यात दादा बाहेर आले! आक्कांनी कमरेनं दार लोटलं, मी वाटी ओढणीआड धरली. दादांनी आमच्याकडं बघितलंही नाही. माझ्या नवऱ्याला म्हणाले, "चल, झेंडूची फुलं आणू. मोटारसायकल काढ." नवरा म्हणाला, "दारात नवी गाडी असताना मोटारसायकल कशाला?" "बाजारात गर्दी असते," म्हणाले आणि गेलेसुद्धा. मी देवाचे आभार मानले. वहिनी आत पुरण वाटत होत्या, त्यांना पत्ताच नव्हता.

माझा धाकटा भाऊ नेवाशात गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान चालवतो. त्याला फोन लावला. ऐकून आधी पोट धरून हसला. मी म्हटलं, "हसतोस काय मेल्या, इथं घर मोडायची वेळ आलीय!" मग सरळ झाला. "ताई, ते प्लास्टिक हाय. वर चंदेरी रंग आन् त्याच्यावर पातळ थर. नख फिरवून बघ. अडकलं तर खोल, न्हाई अडकलं तर वरवरचं." मी नख फिरवलं. अडकलं नाही. फक्त गिअरजवळ दोन जागी जरा लागलं. "मग जाईल बहुतेक," तो म्हणाला. "चिंच आधी ओल्या फडक्यानं पूस, कोरडं कर. प्लास्टिकचं पॉलिश मिळतं, ते आन. मऊ फडकं घे, कोपऱ्यात लावून बघ, आन् रेघा जिकडं जातात तिकडंच फिरव. जोर अजिबात लावू नको."

स्कूटी काढून मी बाजारात गेले. दसरा असला तरी स्पेअर पार्टचं दुकान उघडं होतं. वाटेत फुलांच्या ढिगाशी दादा आणि नवरा घासाघीस करत उभे दिसले, मी तोंडावर ओढणी घेऊन सटकले.

कोपऱ्यात लावून बघितलं, रंग निघाला नाही. मी पुसायला सुरुवात केली तर आक्कांनी फडकं ओढून घेतलं. "आन इकडं. म्या केलं, म्याच निस्तरीन." आणि पहिलाच हात असा दिला की मी ओरडलेच, "आक्का! हळू!" त्या बावरल्या. जन्मभर जोर लावलेला हात, त्याला हळू म्हणजे काय हेच कळेना. पुन्हा फडकं टेकवलं, पुन्हा जोर. मला काय सुचलं कुणास ठाऊक, म्हटलं, "आक्का, बाळाची टाळू भरता ना, तसा हात."

त्या थांबल्या. फडक्याखालची बोटं सैल झाली. मग हळूच, अगदी हळूच, रेघांच्या अंगानं फिरवायला लागल्या. ओठ हलत होते, काय पुटपुटत होत्या ते ऐकू आलं नाही. याच बोटांनी त्यांनी दादांची टाळू भरली असणार, हे माझ्या मनात आलं आणि मी दुसरीकडं बघायला लागले. बऱ्याच वेळानं मोबाईलचा उजेड पाडून पाहिलं. जाळं गेलं होतं. गिअरजवळचे दोन ओरखडे तेवढे राहिले, मान वाकडी करून बघितलं तरच दिसणारे.

आम्ही हुश्श करतोय तोवर मोटारसायकल आलीच. दादांनी हार घेतला, गाडीचं दार उघडलं आणि नाक वर केलं. "चिंचेचा वास येतोय."

मी मनात सतरा सबबी जुळवायला लागले. तर आक्का पुढं झाल्या. "म्या घासली ती पट्टी. चिंचंनं. खराब झाली. माझं चुकलं."

वहिनी पुरणाच्या हातानं दारात उभ्या, नवरा आ वासून. दादांनी हार गाडीच्या टपावर ठेवला. मग म्हणाले, "माहितीय मला. मी खिडकीतून बघत होतो."

"मंग आडवलं का न्हाईस रे?"

"आडवलं असतं तर तूच आधी माझ्याशी भांडली असतीस. म्हणून याला घेऊन बाजारात गेलो, म्हटलं तुला निस्तरायला वेळ मिळू दे." त्यांनी पट्टीवरून बोट फिरवलं. "आणि खरं सांगू का आक्का? किती वर्षांनी माझ्या कुठल्या वस्तूला तुझा हात लागत होता. म्हटलं, लागू दे."

मग दादाच म्हणाले, "मीही बंब तुला विचारून द्यायला पाहिजे होता."

"मरू दे त्यो बंब," आक्कांनी पदरानं नाक पुसलं. "लई जड हुता." आणि लगेच नेहमीच्या सुरात, "आता हुभा काय राहिलास? त्यो पान्याचा हंडा उचलून आत ठेव. माझी कंबर धरलीय."

दादांनी हंड्याकडं बघितलं, आईकडं बघितलं. मग बाह्या सारून तो काठोकाठ भरलेला हंडा उचलला. नव्या पँटवर पाणी सांडलं, उंबऱ्याला पाय अडखळला, आक्का मागून ओरडल्या, "बघून चाल की, आंधळ्या!" आणि आम्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. इतकं सुखाचं ओरडणं मी त्या घरात आधी कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी पुरणपोळ्या जेवून आक्का भरदुपारी चक्क झोपल्या. सणाच्या दिवशी त्या झोपल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

त्यानंतर दादांचं येणं-जाणं सुरू झालं ते झालंच. सुट्टी मिळाली की येणार, आक्कांच्या शिव्या खाणार, वाण्याकडून त्यांच्यासाठी नवी चिंच आणणार.

आक्का गेल्या त्या यंदाच्या उन्हाळ्यात. आजार नाही, काही नाही. दादा सुट्टी काढून आलेले होते. सकाळचा चहा झाला, दादांना म्हणाल्या, "मागल्या दाराची कडी लाव, मांजर आत येतंय," आणि कुशीवर वळल्या. दादा कडी लावून आले तोवर सगळं झालं होतं.

मग मी फोन घेऊन ओसरीवर बसले. राजूरच्या मावशींना केला, माझ्या भावाला केला, सगळ्या सोयऱ्यांना केला. रडू आवरत नव्हतं. पण ज्या एका फोनची मी इतकी वर्षं मनातून धास्ती घेतली होती, कुठल्या शब्दांत सांगायचं, माणूस येईल का, वेळेवर पोचेल का, तो फोन मला करावाच लागला नाही. ज्याला करायचा, तो आत आईचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता.