तोफ उडाली तेव्हा

परवा तुमची आई फोनवर म्हणाली, "ती फोनवर यायलाच तयार नाही. म्हणते, आजी माझ्यावर रागावून गेली." ती म्हणजे तुमच्यातली थोरली. म्हणून एडिंबऱ्याचा तो दिवस जसा झाला तसा लिहिते आहे. दोघांनीही वाचा, पण थोरलीने आधी.

त्या उन्हाळ्यात आम्ही दोघे तुमच्याकडे येणार होतो. व्हिसा दोघांचेही आले होते. आजोबा गेले, तेरवी झाली आणि तुमचे बाबा मला एकटीलाच घेऊन निघाले. तुमची आत्याआजी, म्हणजे आजोबांची बहीण, अकोल्याच्या घराच्या दारात आडवी उभी राहिली.

"काहून वो वहिनी, दादाले जाऊन महिना नाही झाला, अन् तू किल्ले पाह्यले चालली?"

"आत्या, आईले इथं एकटीले कसं सोडू?" बाबा म्हणाले.

"मी मेली काय?" असे म्हणत तिने माझ्या बॅगेत जवसाच्या चटणीची पुडी कोंबली.

शनिवारी आपण सगळे आगगाडीने एडिंबऱ्याला गेलो. पोरी, तू चौकटीच्या कागदावर दिवसभराचा बेत आखला होतास. कुठे किती मिनिटे, कुठे बाक आहे, कुठे चढ आहे, सगळे नीट. असा कागद माझ्या चाळीस वर्षांच्या नोकरीत अमरावतीच्या एकाही विद्यार्थिनीने मला दिला नव्हता. हे मी तेव्हा म्हणायला हवे होते. मी फक्त पेन काढले आणि एकेक ठिकाण झाले की पुढे बरोबरची खूण करत गेले.

किल्ल्याकडे चढत जाणारा दगडी रस्ता पाहिला. त्याच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरणारे अरुंद बोळ पाहिले. एका बोळात तू म्हणालीस, "आजी, हे अकोल्याच्या जुन्या शहरासारखं आहे ना?" मी म्हणाले, "हो." तसे होतेही. पण मला ते नुसते कळत होते, जसे परगावच्या स्टेशनचे नाव गाडीतून वाचतो तसे. बाबांनी माझ्या खांद्यावर टाकलेली शाल वाऱ्याने दोनदा पडली आणि दोन्ही वेळा तू उचललीस. चहा प्यायलो. तो गरम होता एवढे आठवते.

एक वाजायच्या आधी तू घाई केलीस. किल्ल्यावर रविवार सोडून रोज दुपारी एक वाजता तोफ उडते, हे तू आजोबांना फोनवर सांगितले होतेस. त्यांनी विचारले होते, "रविवारी काहून नाही उडवत? तोफेले सुट्टी असते काय?" ते हसत होते. त्यांना तिथे उभे करून दचकवायचे, असे तुम्हा दोघा भावंडांचे ठरले होते. त्यांच्या जागी तू मला उभे केलेस.

धाकट्याने कान झाकले. तोफ उडाली. गर्दीतले सगळे दचकले, कुणी किंचाळले, मग सगळे हसले. बाबांच्या हातातली पाण्याची बाटली पडली. तू मात्र तोफेकडे पाहत नव्हतीस, माझ्याकडे पाहत होतीस.

"आजी, तू दचकली पण नाहीस."

"छान होती," मी म्हणाले आणि कागदावर खूण केली.

परतताना गाडीत तू खिडकीकडे तोंड करून बसलीस. मला ते दिसले. पण काही करावे, असे मनात उठलेच नाही. पुढच्या महिन्यात मी परत निघाले. तू जिन्यात उभी होतीस. मी चपला घातल्या आणि काही न बोलता गाडीत जाऊन बसले.

याचे कारण तुला ठाऊक असणे शक्य नाही. आपल्याकडे दुःखाच्या घरी भेटायला आलेला माणूस उठताना "येतो" म्हणत नाही. पुन्हा अशा कारणाने येणे नको, म्हणून. तो नुसता उठतो आणि जातो. आजोबा गेल्यावर किती दिवस घर माणसांनी भरलेले असे, आणि प्रत्येक जण असाच उठून गेला. घरातून निघायची दुसरी काही रीत असते, हे मी विसरून गेले होते. तुमच्या घरूनही मी तशीच निघाले. तुझ्या आईचा फोन येईपर्यंत मला ते कळलेही नव्हते.

तुझा कागद माझ्याकडे आहे. काल काढून पाहिला. शेवटच्या ओळीत तू लिहिले आहेस: "आजीला विचारणे, सगळ्यात जास्त काय आवडलं." त्याच्यापुढेही माझी बरोबरची खूण आहे. तू विचारलेच नाहीस, आणि मी खूण करून मोकळी झाले.

खरे सांगायचे तर काही आवडल्याचे आजही आठवत नाही. खोटे लिहून तुला खूश करणार नाही. पण काल दुपारी गल्लीतून वरात निघाली आणि अगदी खिडकीखाली फटाका फुटला. माझ्या हातातली बशी पडून फुटली.

"काहून वो, एवढी दचकली?" आत्याआजी ओरडली.

मी घड्याळाकडे पाहिले. एक नव्हे, तीन वाजून गेले होते. तरी हे तुला सांगावे, असे वाटले. बऱ्याच दिवसांनी काही वाटले.

व्हिसाची मुदत अजून शिल्लक आहे. जिन्याजवळ म्हणायचे राहिले ते इथे लिहिते. येते. दिवस तू ठरव, रविवार सोडून.